अर्धं वाक्य

कायदा शहाणा आहे. कुणाचा फोन चोरून ऐकायचा तर गृहसचिवांची परवानगी लागते, आणि ऐकायचंही गुन्ह्यापुरतंच. घरगुती बोलणं निघालं की बटण दाबायचं. आवाज बंद, रेकॉर्डिंगही बंद. थोड्या वेळाने पुन्हा कान लावून विषय बदलला का ते पाहायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत हे काम करणारी बाई इतकी सरावली होती, की कुणी "तुला सांगते" म्हणताच तिचं बोट आपोआप खाली जाई.

त्या आठवड्यात तिच्याकडे एका शिंपीणबाईंची लाइन होती. त्यांचा मुलगा चोरीच्या गाड्या विकतो असा संशय होता आणि फोन आईच्या नावावर. गाड्यांचं कुणी नावही काढेना. सगळं पडदे, अस्तरं आणि लांबलेले वायदे. मग एक फोन आला आणि पलीकडून कुणीतरी खळखळून हसत म्हणालं, "आहेस का गेलीस? फोन नाही, काही नाही."

तो आवाज तिच्या स्वतःच्या आईचा होता. ओळखायला जरा वेळच लागला, कारण घरी आई अशी हसत नसे. तिला त्या शिंपीणबाईंचा हेवा वाटला.

"गाठ आहे म्हणाले," आई पुढे सांगत होती. "गुरुवारी तपासणी. एकटीच जाणार. लेकीला नाही बोलले. का ते तुला सांगते, ती ना..."

बोट खाली गेलं. तिने घाईघाईने आवाज उघडला तोवर पडद्यांची चर्चा सुरू झाली होती.

ओळखीचा आवाज आला तर साहेबांना कळवून लाइन दुसऱ्याकडे द्यायची, हाही नियमच. दुसरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा भोंगा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. आईची गाठ त्याच्या कानावर घालण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी, असं ठरवून ती गप्प बसली.

घरी आई कांदा चिरत होती.

"काय म्हणतेस?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. तू जेवलीस का दुपारी?"

"गुरुवारी मी सुट्टी घेते. येते तुझ्याबरोबर."

बोलून गेल्यावर तिला कळलं. आईची सुरी थांबली. लेकीच्या कानांवर हेडफोनचे वळ उठत, आईने ते कितीदा तेल लावून चोळले होते. आता ती त्या कानांकडे बघत राहिली.

"टायपिंग करतेस ना तू?" एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी दोघी गेल्या. गाठ साधी निघाली. परतताना बसमध्ये लेकीने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"ऐकलंस ना सगळं."

"तेवढंच नाही ऐकलं. तिथे बंद करावं लागतं."

"बरं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचा विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंच्या लाइनवर आईचा फोन आला. या वेळी लेकीने हात मांडीखाली दाबून धरला.

"रिपोर्ट चांगला आला," आई म्हणाली. "बाकी काही नाही गं. तू जेवलीस का?"

हा आईचा घरातला आवाज होता, लेकीशी बोलतानाचा. बटण दाबावं असं त्यात काहीच नव्हतं.