विहिरीतील तांब्याचा पत्रा

ज्यांना बिनतारी यंत्राचा नाद लागतो ते एरियलच्या उंचीवर तासन्‌तास वाद घालतात आणि जमिनीच्या तारेविषयी एक अक्षर बोलत नाहीत. मी या पक्षाच्या विरुद्ध आहे. आमच्या महाडात पावसाळा सरला की अंगणातला मुरूम असा कोरडा होतो, की त्यात ठोकलेली कांब आणि भिंतीतली खुंटी यांत यंत्राला काही भेद वाटत नाही. म्हणून मी माझ्या एका व्हॉल्व्हच्या यंत्राची तार परसातल्या विहिरीत उतरविली. टोकाला तांब्याचा पत्रा डाख देऊन जोडला, आणि मुंबईचे गाणे स्वच्छ ऐकू येऊ लागले.

विहीर सामाईक होती. निम्मी माझी, निम्मी शेजारच्या दत्तोपंत वकिलांची. पत्र्याला त्यांची संमती होती, कारण नाट्यपदे ऐकायला ते रोज दिवेलागणीला माझ्या ओट्यावर येत.

यंत्रही सामाईक होते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. हेडफोन आणि काट्याने प्रवाह दाखविणारा गॅल्व्हनोमीटर भागोजीचे. भागोजी पोलादपूरकडचा, जातीने महार, महायुद्धात पलटणीचा सिग्नलर. पुढे मुंबईच्या गोदीत असताना त्याने ही उपकरणे जुन्या बाजारातून वेचून आणली होती. आठवड्याच्या बाजाराला तो महाडास आला, की मी शाळेत शिकवून परतल्यावर आम्ही दोघे एकेक सांधा तपासत बसत असू. काट्याने कौल दिल्यावाचून कोणतीही जोडणी खरी मानायची नाही, हा आमचा दंडक होता.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही ओट्यावर यंत्रापाशी बसलो असताना दत्तोपंत वेळेआधीच आले आणि पायरीवरच थबकले.

“हरिभाऊ, हा इथे काय करतो आहे?”

“सांधे तपासतो आहे.”

“यंत्राला हात लावून?”

“पाय लावून तपासता येत नाहीत.”

“थट्टा पुरे! यंत्राची तार विहिरीत आहे. तळ्याच्या प्रकरणाला दोन वर्षे झाली नाहीत, तोच ते तुम्ही माझ्या परसात आणलेत. दिवे लागायच्या आत हा उठला पाहिजे, नाहीतर तार निघाली पाहिजे. दोहोंपैकी एकही झाले नाही, तर उद्यापासून आळीतले कोणी तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही आणि विहीरही तुम्हाला बंद. वहिनींना विचारून ठेवा, पाणी कुठून आणणार ते.”

माझी पत्नी आनंदीबाई दारातच उभी होती. “सावित्री नदी अजून वाहते आहे, भावोजी,” ती म्हणाली.

भागोजी जागचा हलला नाही. “वकीलसाहेब, काल गाणं गोड लागलं का?”

“तुला काय करायचे आहे?”

“काय नाय. हेडफोन माझा हाय. मास्तरांनी माझ्या कानाचा घाम पुसून दिला का नाय, येवढंच इचारतो.”

दत्तोपंतांचा हात आपसूक कानाकडे गेला. पण ते वकील होते. “नकळत घडले, त्याला स्नान आहे. विहिरीला कोणते स्नान घालू?”

“तारेतून विटाळ जातो, असा तुमचा सिद्धान्त,” मी म्हणालो. “म्हणजे तार नसेल तर तो जाणार नाही. हे तपासून पाहू.”

भागोजीने पहार उचलली आणि तो कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. तेथे उभे राहण्यास दत्तोपंतांचीही हरकत नसे. दोन्ही घरांचे सांडपाणी तेथे जाई, त्यामुळे जमीन बारमाही ओली. यंत्रापासून तार लांब पडते म्हणून ती जागा मी पूर्वी टाळली होती. त्याने तेथेच पहार ठोकली आणि तिला बांधलेली लांब तार माझ्याकडे फेकली. विहिरीची तार यंत्रातून सोडवून मी गॅल्व्हनोमीटरच्या एका टोकाला लावली, पहारीची तार दुसऱ्या टोकाला. काटा सरकला.

“सेल लपवला आहे,” दत्तोपंत म्हणाले.

“शोधा. ओल्या जमिनीत तांबे आणि लोखंड असले की थोडा प्रवाह आपोआप उत्पन्न होतो. पण त्याला परतीची वाट लागते. पहारीची तार सोडवून पाहा.”

त्यांनी उलटतपासणीच्या कसोशीने तार सोडविली. काटा शून्यावर आला. पुन्हा जोडली, काटा पुन्हा सरकला.

“आता सांगा, भागोजीच्या पायापासून विहिरीपर्यंत वाट कशाची आहे? तार तर तेथे नाही. आहे ती माती. आमचा पत्रा बसायच्या कितीतरी आधीपासून आहे.”

“काट्याला धर्म कळत नाही.”

“म्हणूनच त्याला साक्षीला बोलावले.”

 दत्तोपंत तरातरा विहिरीवर गेले, तार हिसडून ओढली आणि निथळणारा पत्रा माझ्या अंगणात भिरकावला. “झाली विहीर मोकळी. आता उठवा त्याला.”

“का म्हणून? मनुष्य उठावा, नाहीतर तार निघावी, ही अट तुमची. तार तुम्हीच काढलीत. तुमच्या अटीप्रमाणे भागोजी बसेल.”

भागोजी परत आला आणि मघाच्याच जागी मांडी घालून बसला. मी पहारीची तार यंत्राला जोडली. सांज झाली होती. त्याने हेडफोन कानाला लावला, हाताने केंद्र जुळविणारा कंडेन्सर केसभर फिरविला, आणि मान डोलवू लागला.

“बारीक हाय मास्तर, पण मुंबईच हाय.” मग हेडफोन काढून त्याने दत्तोपंतांपुढे धरला. “घ्या वकीलसाहेब. पेटी सुरू झालीय. स्नान हायच.”

दत्तोपंतांनी हेडफोनकडे पाहिले. गाण्याचा बारीक किणकिणाट तेवढ्या अंतरावरूनही ऐकू येत होता. मग ते पाठ फिरवून गेले आणि त्यांच्या घराचे दार आपटले. उद्या आळीतले कोणी आमच्याकडे फिरकणार नाही, हे आम्हां तिघांनाही कळून चुकले होते.

आनंदीबाईने घागर कमरेवर घेतली. “कुठे निघालीस?” मी विचारले.

“विहिरीवर. पहारीपाशी आणखी पाणी ओतले, तर आवाज वाढेल ना?”

“वाढंल वैनी,” भागोजी म्हणाला.

दत्तोपंतांच्या विहिरीकडील खिडकीत दिवा हलला. त्या खिडकीखालीच उभे राहून तिने नेहमीच्या जागेवरून दोर विहिरीत सोडला.