चर्चमधली तांदळाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी, काठाला टवका उडालेली मातीची बरणी आहे. एखादं पोर आत लपेल एवढी मोठी. कोरियातल्या एका डोंगराळ खाणगावात, चर्चच्या मागच्या दाराशी मी पडून असते. पाऊस पडला की माझ्या पोटात पाणी साचतं.

एके काळी या पोटात तांदूळ असायचे. भात शिजवण्याआधी गावातल्या बायका घरातल्या प्रत्येक माणसामागे चमचाभर तांदूळ बाजूला काढत आणि रविवारी पिशवीतून आणून माझ्यात ओतत. ते गरिबांसाठी असत. वाटपाचं काम प्यो आजोबांकडे होतं. माणूस सरळ. प्रार्थना संपली की ते सगळ्यांसमोर एकेकाचं नाव पुकारत आणि तांदूळ मापून देत.

"उघड्यावर दिलं, की प्योने मेव्हण्याचं घर भरलं असं कोणी म्हणायला नको!" असं ते म्हणत. लोक त्यांची वाहवा करत.

दोकसुनची आई दर रविवारी येई. नवरा खाणीत दगावला, तरी तिची पिशवी कधी चुकली नाही. त्या वर्षी वसंतात घरोघरचे जुने तांदूळ संपत आले होते आणि शेतातले जव अजून हिरवे होते. तेव्हापासून ती हात खांद्यापर्यंत माझ्यात घाली आणि तळाशी रिकामीच पिशवी झटकी. हे फक्त मला कळे.

शेजारच्या बोंगन्ये काकू हसत. "अगं, बरणीला गुदगुल्या करतेस की काय?"

"तांदूळ सारखे करते, काकू."

"तुझं नाव घालू का प्यो आजोबांच्या कानावर? एकटी बाई तू, पदरात लेकरू."

"नको हो! आम्ही देणारी माणसं. उद्या शाळेत पोरी दोकसुनला चिडवतील."

तिच्या बोटांना माझ्यातले तांदूळ लागत होते. एक मूठही तिने कधी उचलली नाही. आणि मी मातीची, ओरडून सांगणार कशी?

जव पिकायच्या आतच दोकसुन तापाने गेली. उपाशी जिवाला ताप झेपला नाही. तिच्या आईला भेटायला आलेल्या बायकांनी पाहिलं, तर तिच्या घरच्या तांदळाच्या भांड्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. प्यो आजोबा पाठीवर पोतं घेऊन धापा टाकत तिच्या दारात गेले.

"पोरी, एकदा बोलायचंस तरी!"

"सगळ्यांसमोर, आजोबा?" ती म्हणाली. "आणि आता कोणासाठी शिजवू?"

दुसऱ्याच दिवशी आजोबांनी मला बाहेर या मागच्या दाराशी आणवलं. ज्याला गरज असेल त्याने यावं, लागेल तेवढं न्यावं, कोणी विचारायचं नाही. आजोबा स्वतः इकडे पाठ करून बसत. पुढे कितीतरी घरं त्या तांदळावर तगली. दोकसुनच्या आईने मात्र गाव सोडलं, ती परत आली नाही. मग खाण बंद पडली, माणसं शहराकडे गेली आणि मी रिकामी झाले.

मित्रांनो, सगळ्यांच्या देखत वाटलं, म्हणजे न्यायाने वाटलं असं होत नाही. अन्न देताना कोणाची मान खाली जाऊ देऊ नका. आणि जो नेहमी देत आला आहे, त्याच्या घरी चूल पेटते का, तेही कधीतरी जाऊन पाहा. मला पाय नव्हते. तुम्हाला आहेत.