किन्शासाचे दोन

भाच्याच्या लग्नाची बोलणी फत्ते झाली तर लुझोलो मामाच्या पदरात एक निळा कोट पडणार होता. भाच्याने, म्हणजे फुतीने, तो आधीच शिवून ठेवला होता. मामाच्या गल्लीत त्या कोटाची बातमी कोटाच्या आधी पोचली होती. करायचं एवढंच: राजधानी किन्शासाहून विमानाने, फुती राहतो त्या लुबुम्बाशीला जायचं, दोन वाजता मुलीच्या दारात उभं राहायचं आणि गोड बोलून, मुलाने मुलीच्या बापाला द्यायच्या हुंड्यातल्या बकऱ्या कमी करायच्या.

"दीड हजार किलोमीटर, सव्वादोन तास," मामा शेजारच्या उतारूला म्हणाला. "साडेअकराला उतरतो बघा."

"काका, देश एकच असला तरी तिथे तेव्हा साडेबारा झालेले असतील. घड्याळ तासभर पुढे करा."

"राजधानीचं घड्याळ गावोगावी काटे फिरवत नाही! दोनची वेळ मी फोनवर ठरवलीय, माझ्या घरातून. म्हणजे दोन कुठले? किन्शासाचे."

उतरल्यावर मामाने बुटांना पॉलिश करून घेतलं, अख्खी भाजलेली कोंबडी सावकाश संपवली. फोन बंदच होता. तो चालू केला की नातेवाईक उसने पैसे मागतात, हा त्याचा अनुभव. मुलीच्या दारात पोचला तेव्हा मनगटावर दोनला दहा कमी होते. छाती फुगवून तो म्हणाला, "दहा मिनिटं आधीच आलो की नाही?"

दाराशी उभ्या फुतीने कपाळाला हात लावला.

मुलीची आत्या न्येम्बो उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "पन्नास मिनिटं उशीर. दंड द्या, मग आत या. एक बियरची पेटी, एक बकरी."

"अहो आत्याबाई, दोन मी म्हटले, किन्शासातून!"

"म्हटले तुम्ही, पण ऐकले कुठे? इथे."

मामा बोलण्यात हार जाणारा नव्हता. "बरं, दंड कबूल. पण परतताना विमान मला हा तास परत देणार. तास परत, तर बकरीही परत!"

अंगणातले सगळे हसले. आत्याही हसली, पण जागची हलली नाही. "तास किन्शासाला मिळेल ना? मग बकरीही तिथेच मागा."

"आता या घटकेला बकरी कुठून आणू?"

"फुतीच्या काखेतल्या पिशवीत काय आहे? बकरीऐवजी तेच चालेल."

फुतीने मामाकडे पाहिलं. मामाने पिशवीतून डोकावणाऱ्या निळ्या बाहीकडे पाहिलं. आतून मुलीच्या हसण्याचा आवाज आला, आणि फुतीचा चेहरा असा झाला की मामा नाइलाजाने म्हणाला, "दे."

मग बोलणी सुरेख झाली. मामाने भांडून भांडून दोन बकऱ्या कमी करून घेतल्या. मुलीच्या बापाला कोट असा बसला की जणू त्याच्याच मापाचा.

एकूण हिशेब असा: बियरची पेटी फुतीने दिली. दोन बकऱ्या फुतीच्याच वाचल्या. कोट मामाचा गेला. हरवलेला तास त्याला किन्शासात उतरल्यावर चोख परत मिळाला. तो अख्खा, कोट कुठे आहे हे बायकोला समजावण्यात खर्च झाला.