आपले जात नाहीत

"अगं विजू, थांब! आपले जात नाहीयेत म्हणे!"

मथुराबाई जिन्यातच आडव्या उभ्या राहिल्या. माझ्या हातात औक्षणाचं तबक, अंगावर ठेवणीतली इरकल, आणि त्यात आधीच उशीर झालेला. या आमच्या समोरच्या खोलीतल्या मथुराबाई. त्यांचा कान कायम रेडिओला आणि तोंड कायम जिन्यात.

"आपले कोण?" मी म्हटलं. "आमचे तर केव्हाच पुढे गेलेत हॉलवर."

"तुझे नव्हे गं बाई! आपले, भारताचे! एडिंबरोला कुणीच जायचं नाही. आत्ता सांगितलं बातम्यांत. अगं, हातातोंडाशी आलेला घास!"

"काहीतरी ऐकलं असेल तुम्ही अर्धवट," असं म्हणत मी त्यांच्या खोलीत शिरले. हिंदी बातम्या लागल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारवर निर्बंध घालायला ब्रिटन तयार नाही, म्हणून निषेध. एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धांवर भारताचा बहिष्कार. दोन वाक्यांत सगळं उरकलं आणि बातम्या वाचणारी बाई लगेच हवामानावर गेली. तबक मी मथुराबाईंच्या पिंपावर टेकवलं, नाहीतर तिथंच पडलं असतं.

आमचे हे टेलिफोन खात्यात लाइनमन. दिवसा खांबावर, पहाटे तालमीत. तिथं कुस्ती सोडून यांनी वेटलिफ्टिंग धरलं आणि त्यातच जवानी घातली. ब्याऐंशीच्या दिल्लीच्या एशियाडला हे राखीव होते. राखीव म्हणजे काय, तर दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळायचे आणि टाळ्या वाजवायच्या. आता तेहेतिसाव्या वर्षी नाव पक्क्या यादीत लागलं होतं. उद्या दिल्लीची गाडी आणि तिथून विमान. पुढच्या खेपेची वाट बघायची म्हटली तर सदतीस उजाडणार. सदतिसाव्या वर्षी माणूस गॅसचा सिलिंडर उचलतो, तोही कुरकुरत.

मी तबक उचललं आणि निघाले. नारायण पेठेतला सत्काराचा हॉल आमच्यापासून पाच मिनिटांवर, पण रस्त्यात माझं डोकं भणभणत होतं. यांना कुणी सांगितलं असेल का? देवा, कुणीतरी आधीच सांगितलेलं असू दे, असंच मी म्हणत होते.

कुणी सांगितलेलं नव्हतं. व्यासपीठावर हे फेटा बांधून बसले होते. लग्नातसुद्धा इतके खुशीत दिसले नव्हते. आणि माइकसमोर तालीम मंडळाचे कार्यवाह श्यामराव! या माणसाचं नमनालाच घडाभर तेल. "एकावन्न साली आपल्या दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले..." असं म्हणून ते जे सुरू झाले, ते हेलसिंकीत अडकले. बावन्न सालच्या हेलसिंकीतून शहाऐंशीच्या एडिंबरोला पोचायला त्यांना अजून चौतीस वर्षं होती. मधे कार्डिफ होतं, तेहरान होतं, दिल्ली पुन्हा एकदा होती. प्रत्येक ठिकाणी तिरंगा वर चढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात ओरडत होते, अहो, पुरे करा!

शेवटी मी बाजूच्या पायऱ्या चढून त्यांच्या कानाशी गेले. "श्यामराव, जरा ऐका. बातमी आहे..."

"वहिनी, क्रम चुकतोय. आधी मनोगत, मग औक्षण," ते माइकवर हात ठेवून म्हणाले. माझ्याकडे बघितल्यावर मात्र त्यांना काय वाटलं कोण जाणे, लोकांना म्हणाले, "बरं, वहिनींना घाई आहे. नावातच विजयमाला, त्यांना कोण थांबवणार?" लोक हसले. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मी यांच्यासमोर उभी राहिले. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि निरांजन ओवाळता ओवाळता, ओठ न हलवता म्हटलं, "अहो, आपले जात नाहीयेत."

"काय?"

"भारत जात नाहीये. बहिष्कार. रेडिओवर सांगितलं."

एवढा दांडगा माणूस, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. डोळे निरांजनावर खिळलेले. खाली लोक टाळ्या वाजवतच होते.

"नक्की?"

"मी स्वतः ऐकलं."

"हात हलतोय तुझा," हे हळूच म्हणाले. "तेल सांडंल. नीट ओवाळ."

मी ओवाळलं. दुसरं काय करणार होते?

मग हे उठले. मनोगत लिहून आणलेलं होतं, ते खिशातच राहिलं. यांचं घर येरवड्याकडचं, शेतकऱ्याचं. चारचौघांत शुद्ध बोलायची केवढी धडपड असायची यांची, पण त्या दिवशी ते भान राहिलं नाही. "मंडळी," हे म्हणाले, "मी जात न्हाई. आपला देशच जात न्हाई. आत्ता बातमी आली. तिकडं आफ्रिकेत काळ्या माणसाला माणूस म्हणत न्हाईत, त्याच्यापायी. कारण बरोबर हाय."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी "अगं बाई!" म्हणाली, तेवढंच. कारण बरोबर असेलही. मी शाळेत शिकवते, मला कळतं. पण त्या घडीला मला जगातल्या कुठल्याच गोऱ्याकाळ्याचं सोयरसुतक नव्हतं. हाच एक माणूस सापडला का, असं ओरडावंसं वाटत होतं.

श्यामराव पार गडबडून गेले. "मच्छिंद्रराव, म्हणजे... आता मानपत्राचं काय करायचं?"

"लिवलंय ना? मग वाचा की."

आणि खरंच, त्या माणसानं ते वाचलं! 'एडिंबरोस प्रस्थान करीत असलेले आपले लाडके...' इथपर्यंत आले आणि त्यांनी कागद खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा श्यामरावांनी भाषण अर्ध्यावर सोडलं. यांनीच उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही घरी आलो. जिन्यात मथुराबाई उभ्या होत्या. त्यांनी सरकून वाट दिली. आत आल्यावर यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले.

"भात हाय का?"

मी बघतच राहिले. वजनाच्या गटात बसायचं म्हणून चार महिने घरात यांच्यापुरता भात बंद होता. सणालासुद्धा गोड नाही, तूप नाही. एक किलो इकडेतिकडे झालं की दुसऱ्या दिवशी हे स्वेटर घालून पर्वती चढायचे.

"टाकते," मी म्हटलं.

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे तिथंच बसून होते. मी वरणभात वाढला, वर तूप घातलं. हे खाली मान घालून जेवायला लागले. मी पुन्हा वाढला, पुन्हा वाढला. 'पुरे' म्हणेनात. पातेलं अर्धं झालं.

"अहो, वजन..." सवयीनं माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभ चावली.

यांनी ताट पुढे सरकवलं.

"वाढ," म्हणाले.