पंखाखालचं वाचन

तिचे वडील विमान सुरक्षा खात्यात नियम लिहायचे. मसुदा तयार झाला की वरिष्ठांकडे जाण्याआधी तो हँगरमध्ये जायचा. दुरुस्तीला आलेल्या विमानाच्या पंखाखाली, उलट्या खोक्यावर बसून ते मेकॅनिकना तो वाचून दाखवत आणि म्हणत, "आता हा मोडून दाखवा." मग जो तो पळवाट शोधायला लागे. एखादी सापडली की ते असे खुलत, की पाहणाऱ्याला वाटावं, यांना बढती मिळाली.

ते गेल्यावर त्यांचा शेवटचा मसुदा त्याच खात्यातल्या त्यांच्या मुलीकडे आला. कामावरच्या माणसाने चूक लपवू नये, म्हणजे विमान उडण्याआधीच ती निस्तरता येईल, यासाठी सगळी मांडणी होती. त्या मांडणीचा कणा एकच वाक्य: 'स्वतःची चूक स्वतःहून कळवणाऱ्याला शिक्षा केली जाणार नाही.' संध्याकाळी मसुदा संचालकांकडे जायचा होता. एकदा नियम झाला, की तो बदलायला वर्षं जात. त्या वाक्याला कुणी हात लावू नये, असं तिला मनातून वाटत होतं. तरी ती हँगरमध्ये गेली. त्याशिवाय मसुदा पुढे पाठवायला मन धजेना.

तिने वाचलं. सगळे मूग गिळून बसले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"साहेबांचं वाक्य आहे, ताई," फोरमन म्हणाला. त्याला सगळे वस्ताद म्हणत. "चांगलंच असणार."

"त्यांच्यासमोर तर तुम्ही त्यांच्या वाक्यांच्या चिंध्या करत होता."

"तेव्हा ते भांडायला होते."

बाजूला बसलेल्या वेल्डरने मान खाली घातली. जे वाक्य वडिलांनी पंखाखाली सर्वांत जास्त झोडपून घेतलं असतं, तेच पहिल्यांदा न झोडपता निघालं होतं. तिला बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची भीती वाटली.

ती खोक्यावर बसली.

"वस्ताद, समजा मी कंपनी. तुम्ही येऊन सांगितलंत, की बोल्ट सैल राहिला. मी शिक्षा करत नाही. शाबासकी देते. फक्त उद्यापासून तुम्ही गोदामात."

वस्तादने तिच्याकडे पाहिलं. मग हसू दाबत म्हणाला, "बापाच्या वाक्याला पहिलं भोक पाडलंस की."

"मागच्या कंपनीत माझी बढती अशीच अडवली होती," वेल्डर म्हणाला. "शिक्षा म्हणून नाही हं. 'अनुभव कमी' म्हणून."

"आणि मी मुद्दाम तपासणी टाळली, आणि वर मीच आधी जाऊन सांगितलं तर?" कुणीतरी मागून विचारलं.

"तू तर सांगशीलच," वस्ताद म्हणाला. "तुझं पोट बोलल्याशिवाय भरत नाही."

मग कीस काढणं सुरू झालं. ती लिहीत गेली, खोडत गेली. शिक्षेत बदली आली, अडवलेली बढती आली, रोखलेली पगारवाढ आली. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा वगळला गेला. दुपार उलटेपर्यंत वाक्याचा परिच्छेद झाला.

संध्याकाळी संचालकांनी तो वाचला. तिच्या वडिलांचे ते जुने सहकारी.

"त्याचं वाक्य सुटसुटीत होतं," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, "पण ते खरं बोलणाऱ्याला गोदामात पोचवत होतं."

संचालकांनी परिच्छेद पुन्हा वाचला, चष्मा काढून पुसला आणि सही केली.