धूळ येते म्हणून

खिशातल्या जुन्या घड्याळाचं ते पितळी झाकण राखेने काठोकाठ भरलं होतं, आणि त्याच्या कडेला टेकवलेल्या सिगारेटमधून धुराची रेघ वर चालली होती — इतकी सरळ, की खोलीत वाऱ्याची झुळूकही नाही हे पाहताक्षणी कळावं. साल चौऱ्याऐंशी. लग्नाला नऊ वर्षं झालेली. डबा घेऊन ती घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या आतल्या खोलीच्या दारात उभी होती, आणि त्या रेघेवरून तिची नजर हलत नव्हती.

एकाच टेबलाशी समोरासमोर दोघे भाऊ, डोळ्याला भिंग लावून. पंखा बंद, खिडकी बंद. धूळ गेली की घड्याळ बिघडतं, वारा आला की केसाएवढी स्प्रिंग उडते — हा सासऱ्यांच्या वेळचा नियम. धुळीला एवढं जपणाऱ्या या माणसांना धूर कधी दिसलाच नाही… ओढायचा तो दीर. तिच्या नवऱ्याने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. पण एकोणीस वर्षं श्वास दोघांनी त्याच खोलीतला घेतला होता.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या तपासणीचा कागद पुढे ठेवून समजावून सांगितलं होतं. बीज कमी आहे, आहे तेही मंद, हार्मोन्सही थोडे खाली. धुराने असं होऊ शकतं, शेजारच्याच्या धुरानेही. पण खात्री देता येणार नाही, सगळ्यांना तो सारखा बाधत नाही. नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेवढे दिवस लांब राहा, मग पुन्हा तपासू. जिना उतरताना नवरा एवढंच म्हणाला, "घरात बोलू नकोस."

ती बोलली नाही. नऊ वर्षं सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, त्या आता एका वाक्यात वळवता आल्या असत्या, तरी नाही. घरात धाकट्या जावेला तिसऱ्यांदा दिवस गेलेले. "ताई, जरा चपला सरकवा ना, वाकवत नाही," जाऊ म्हणायची, आणि तिच्या पोटाकडे बघायला नको म्हणून मी — ती दारातली बाई मीच — चपलांकडे बघायचे. डाव्या चपलेचा अंगठा खिळा ठोकून बसवलेला… चाळीस वर्षांनीही तो खिळा मला दिसतो. तिच्या पोटाचा हेवा समजू शकते. पण 'वाकवत नाही' या शब्दांचासुद्धा? एकदा, फक्त एकदा, मला ते म्हणायचं होतं.

आणि नवऱ्याने सांगितलं होतं, धाकटा आता बाहेर जाऊन ओढतो. त्या तीन महिन्यांतला पाचवा आठवडा चालू होता. शर्टाला वास येतो म्हटलं, तर म्हणाला, जुना आहे, धुऊन जाईल… मी तो वेगळ्या बादलीत धूत होते.

ती सरळ आत गेली आणि तिने खिडकी उघडली. रेघ मोडली. टेबलावरचं काहीतरी टिचकन उडालं.

"गेली!" दीर म्हणाला. "वहिनी, आता गिऱ्हाइकाला वेळ तुम्हीच सांगायला जा."

दोघे भाऊ गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. दीर काहीतरी पुटपुटला — लहानपणच्या गोट्यांचं असावं — आणि तिचा नवरा हसला, टेबलाखाली डोकं आपटेपर्यंत हसला. असं हसणं तिने घरात कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा आतला हेवा जावेवरून सुटला आणि इथे, या दोन वाकलेल्या पाठींवर येऊन बसला. भावाला 'बाहेर ओढ' हे त्याला सांगता आलं नसतं असं नाही. त्याला एकट्याने उठायचं नव्हतं या टेबलावरून…

स्प्रिंग सापडली. नवऱ्याने उठून स्वतः खिडकी लावली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "धूळ येते."

घरात न बोललेलं ते सगळं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

"डबा गार होतोय," ती म्हणाली.

पुन्हा तपासायला आम्ही गेलो नाही. दीर छातीच्या दुखण्याने पन्नाशीतच गेला. यांनी दुकान एकट्याने चालवलं, खिडकी बंद ठेवूनच. पाच वर्षांपूर्वी हेही गेले. तिन्ही पुतण्या आपापल्या घरी सुखात आहेत. उरलो आम्ही दोघी जावा. गुडघ्यांमुळे तिला आता खरंच वाकवत नाही. चपला अजून मीच सरकवते.

परवा पाय घालता घालता ती म्हणाली, "ताई, आमचे हे घरी कधी हसले नाहीत हो. दुकानातनं मात्र हसणं ऐकू यायचं. मला तुमच्या ह्यांचा फार राग यायचा."

मी तिच्या पायांकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाईंचा तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. तिला दाखवावा असं पहिल्यांदाच वाटलं… उट्टं काढायला, की सोबतीला, ते काही मला कळेना.