एक इंच राहिला

मित्रांनो, मी शिंपिणीच्या गळ्यातली जुनी टेप आहे आणि मला पहिला इंच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं कळायला ते ठाऊक असायला हवं.

जन्मले तेव्हा मी धडधाकट होते. कारखान्यात माझ्या पिवळ्याधमक अंगावर काळे आकडे उमटले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे बसले आणि मी या दुकानात आले. पुढच्या खोलीत काचेमागे कपडे घातलेला पुतळा, मागे पडदा लावलेला कोपरा आणि त्याच्याही मागे मायलेकींचं घर. एकदा गरम इस्त्री माझ्या टोकावर राहिली आणि पहिला इंच जळाला. दुसरीने मला केरात टाकलं असतं. आमची शिंपीण म्हणाली, "एका इंचासाठी कुणी टेप टाकतं का?" तिने जळका भाग कापला, टोकाला चामड्याचा तुकडा शिवला आणि तेव्हापासून माप घेताना ती मनातल्या मनात एक वजा करू लागली. ही वजाबाकी इतकी अंगवळणी पडली, की ती कुणाला सांगायची असते हेच ती विसरली.

माप ती घ्यायची आणि ती बोलेल तो आकडा तिची लेक वहीत उतरवायची. लेकीने मला कधी हातात धरलंच नव्हतं. तिचं मानाचं काम वेगळं होतं. आईला जवळचं बारीकसारीक दिसेनासं झालं होतं. "बाळा, सुई ओवून दे गं," अशी हाक आली की लेक पळत यायची, दोऱ्याचं टोक ओठांत धरायची आणि एका फटक्यात ओवून मोकळी व्हायची. गाल गोबरे, हसली की डोळे मिटायचे. सगळे तिला ढमी म्हणत. पुढे तिला ते नाव विषासारखं वाटू लागलं, म्हणून मीही ते पुन्हा घेणार नाही.

सुरुवात गमतीतच झाली. तिच्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. शिंपिणीने निळ्या रेशमाचा झगा शिवायला घेतला आणि मला उचललं.

"माझ्या मापाचा नको," लेक म्हणाली. "पुतळ्याच्या मापाचा शीव. लग्नापर्यंत मी तेवढी होते."

"आणि नाही झालीस तर?"

"होते म्हटलं ना!"

शिंपीण हसली. पोरीची हौस, दुसरं काय! पुतळ्याच्या पायाशी कंबरेचा आकडा छापलेला होता. त्याच मापाने झगा बेतला गेला. इतकी वर्षं कापडाला माणसाजोगतं होताना पाहिलं होतं. हे उलटंच चाललं होतं. पण टेपला कोण विचारतो?

मग लेकीचं ताट आटत गेलं. कधी भूक नसायची, कधी मैत्रिणीकडे खाल्लेलं असायचं. थापा मारणं तिला कधी जमायचं नाही, तेही जमू लागलं. रोज दुपारी आई मला मशीनवर ठेवून शिवलेले कपडे पोचवायला बाहेर पडली की पडदा सरकायचा आणि मी लेकीच्या कमरेला वेढली जायचे. चामड्याच्या टोकापासून ती सरळ मोजायची. वजाबाकी तिला कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून ती पुतळ्याच्या मापाला पोचली, त्या दिवशीही मी एक इंच जास्तच दाखवला.

"एक इंच राहिला," ती पुटपुटली.

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या अंगावर नुसते आकडे आहेत, तोंड नाही.

पुढे तोही इंच गेला. वाटलं, सुटलो एकदाच्या! पण ती आकड्याकडे बघत राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली, "एक इंच राहिला." तेव्हा मात्र माझ्या काळजात चर्र झालं. आता चूक माझी एकटीची राहिली नव्हती.

बाहेर कौतुकाला नुसतं उधाण आलं होतं. मावशी आली आणि दारातूनच म्हणाली, "अगंबाई, किती छान बारीक झालीस! माझ्या पोरीलाही सांग की काय करतेस ते." त्या दिवशी लेक कौतुकावरच जेवली. तिची थंडगार बोटं मला कळत होती, मावशीला नव्हती. तिचे गळणारे केस माझ्या चामड्याच्या टाक्यांत अडकत. खाणं सोडलं होतं, पण डोक्यात अष्टौप्रहर खाणंच. जरा काही बोललं की आईवर खेकसायची.

आणि एक दिवस हाक आली, "बाळा, सुई ओवून दे गं." लेक आली. दोरा चुकला. पुन्हा चुकला.

"डोळ्यात काहीतरी गेलंय," असं म्हणून ती निघून गेली. शिंपिणीने चाचपडत स्वतःच सुई ओवली. तिने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

लग्नाला चार दिवस होते. एक पिशवी विसरली म्हणून शिंपीण अर्ध्या वाटेवरून परतली आणि पडद्यामागे धप्पकन आवाज झाला. लेक जमिनीवर पडली होती, मी तिच्या कमरेला, आणि तिचं बोट अजून आकड्यावर. शिंपिणीने तो वाचला, सवयीने एक वजा केला आणि किंचाळली.

दवाखान्यात मी शिंपिणीच्याच गळ्यात होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपासमारीने हृदयाचे ठोके मंदावलेत. हिला इथे राहू द्या. आणि घरी नेल्यावरही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. हे दुखणं चिवट असतं."

लेकीने डोळे उघडले तेव्हा शिंपीण रडत म्हणाली, "या टेपला पहिला इंच नाहीच गं. तू केव्हाच तेवढी झाली होतीस. माझंच चुकलं. कापड माणसाच्या मापाने कापतात, माणसाला कापडाच्या मापाने नाही."

लेकीने आईच्या गळ्यातल्या माझ्याकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे आत्ता मी आणखी एक इंच कमी आहे?"

आणि ती हसली. हसताना डोळे मिटले नाहीत. शिंपिणीने मला मुठीत इतकं आवळलं, की माझ्यावर अजून तिच्या नखांच्या खुणा आहेत.

आता मी मशीनच्या कुलूपबंद खणात असते. लेक घरी आली आहे. आई समोर बसून तिला भरवते. निळा झगा उसवलाय, तो लेकीच्या मापाचा व्हायचाय, पण ते माप अजून कुणी घेतलेलं नाही. मित्रांनो, माझ्यावर एकोणसाठ आकडे आहेत आणि त्यांतला एकही 'पुरे' म्हणत नाही. मला कापडापुरतीच ठेवा. तुमच्या घरी कुणाचं ताट आटू लागलं, तर कौतुक करण्याआधी त्याचे हात हातात घेऊन बघा, गार तर नाहीत ना.

रोज दुपारी खण ओढला जातो. आजही ओढला गेला. कुलूप खडखडलं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली, "बाळा, सुई ओवून देतेस?"

खणावरचा हात थांबला. तो अजून तिथेच आहे.